शिवाजीनगरात ‘गावठाण’ कुठून आलं?

तुमचा प्रश्न असा आहे की शिवाजीनगर पुण्याच्या ऐन मध्यात असताना तिथे गावठाण कसं, आणि जवळचा जंगली महाराज रस्ता सरळसोट असताना गावठाणातल्या गल्ल्या इतक्या वाकड्यातिकड्या का.

कारण ते खरंच गाव होतं. नाव भांबुर्डे, भांबवडे, भांबुर्डा असंही लिहिलेलं सापडतं. मुठेच्या अलीकडे कसबा, शनिवार या पेठा, म्हणजे पुणं. पलीकडे भांबुर्डे. त्याची पाटीलकी वेगळी, शिवार वेगळं, ग्रामदैवत वेगळं. शिरोळे हे तिथलं पाटील घराणं. रोकडोबाचं देऊळ आजही गावठाणातच आहे. आठव्या शतकातलं पाताळेश्वराचं लेणं भांबुर्ड्याच्याच हद्दीतलं. त्याच्या शेजारीच जंगली महाराजांची समाधी आहे; त्यांनी देह ठेवला १८९० साली, आणि पुढे रस्त्याला त्यांचं नाव मिळालं.

आता गल्ल्यांचं. आपल्याकडे गावाची जमीन दोन प्रकारची: काळी पिकाची, पांढरी वस्तीची. इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली तेव्हा काळीतल्या शेतांना सर्व्हे नंबर पडले आणि सारा ठरला. पांढरी गावठाण म्हणून बाजूला राहिली. शेतसारा नाही, म्हणून गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. नगर भूमापन, म्हणजे सिटी सर्व्हे, झालं असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते. शहर नदी ओलांडून आलं तेव्हा त्याला पहिल्यांदा सापडली ती शेतं. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने वेड्यावाकड्या शेतांचे तुकडे एकत्र घेऊन, मधून रुंद रस्ते काढून, मूळ मालकांना नीट आखलेले प्लॉट परत द्यायची सोय केली. भांबुर्ड्याच्या शिवारात हेच झालं. त्या भागातल्या कितीतरी इमारतींच्या कागदांवर ‘फायनल प्लॉट नंबर’ दिसतो तो त्यामुळे.

गावठाणात असं करायला मोकळी जागाच नव्हती. घरं उभी होती, आणि घरं बांधून झाल्यावर जी जागा उरली तीच गल्ली. तिची वळणं कुणी कागदावर आखलेली नाहीत. कुठे पावसाचं पाणी नदीकडे उतरायला वाट हवी होती, कुठे गाडी वळायला. भाऊबंदांच्या वाटण्या झाल्या की एका वाड्याची चार घरं होतात, मागच्या घरालाही दार लागतं, म्हणून एक बोळ निघतो. मला म्हणूनच ही वळणं फार मोलाची वाटतात. या गावातले सगळे कागद गहाळ झाले तरी कोण कुणाचा शेजारी होता हे त्यांवरून बरंचसं सांगता येईल.

नदीवर वरच्या बाजूला लकडी पूल पेशवाईपासून होता. पण भांबुर्डे शहराला खऱ्या अर्थाने चिकटलं ते १९२३ साली लॉइड पूल, म्हणजे आपला नवा पूल, झाल्यावर. शनिवारवाड्यापासून थेट पलीकडे. १९५० मध्ये महानगरपालिका आली, तिचं भवनही याच काठावर. १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर. इतकं सगळं भोवती उभं राहिल्यावर गाव शोधावंच लागतं.

शोधायचं तर पायांकडे बघत चाला. जुन्या गल्लीत एखाद्या घराचा उंबरा रस्त्यापेक्षा खाली गेलेला असतो. दरवेळी डांबर नाहीतर काँक्रीटचा थर चढतो, घर मात्र जागच्या जागी. पूर्वी दोन पायऱ्या चढून ओट्यावर जायचं, तिथे आता एक पायरी उतरून आत शिरतात आणि पावसाळ्यात दाराशी विटा रचतात. दुसरी खूण कागदावरची: वर्तमानपत्रातल्या मिळकतीच्या जाहीर नोटिसा वाचा. पत्ता शिवाजीनगरचा, पण वर्णनात अजून ‘भांबुर्डा’ आणि पुढे सिटी सर्व्हे नंबर.

गावठाणातली घरं पडकी झाली की ती बांधावीच लागतात, लोकांना नीट घर हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीनचार मिळकती एकत्र करून इमारत उभी राहिली की मधला बोळ जातो, आणि रस्तारुंदीत घरं मागे सरली की वळण सरळ होतं. पाडण्याआधी गल्लीची मोजणी, फोटो आणि म्हाताऱ्या माणसांकडून बोळांची नावं एवढं तरी टिपून ठेवायलाच हवं. भांबुर्ड्याच्या बाबतीत बराच उशीर झाला आहे.

इतर गावांत अजून वेळ आहे. १९९७ मध्ये बाणेर, बालेवाडीसारखी गावं पालिकेत आली, २०२१ मध्ये वाघोली, सूस, म्हाळुंगे. तुम्ही अशा एखाद्या गावाच्या जवळपास राहत असाल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या गाव नकाशाच्या नकलेसाठी अर्ज करा, आणि ती नक्कल हातात घेऊन वेशीपासून चावडीपर्यंत एकदा चालून या, जमलं तर गावातल्याच एखाद्या आजोबांना बरोबर घेऊन.