121 पराभवांनंतर व्हाइट सॉक्सने आपला सर्वांत चांगला पिचर बॉस्टनला का दिला?

आपण शिकागोत नव्याने आला आहात, ऑफिसातील सहकारी अजूनही इथल्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या नावाने बोटे मोडतात, आणि 2024 च्या हंगामात 121 सामने हरलेल्या संघाने त्याच हिवाळ्यात गॅरेट क्रोशे हा आपला सर्वांत चांगला पिचर (चेंडू फेकणारा) बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाला देऊन टाकला, याला पुनर्बांधणी म्हणावे की दिवाळखोरी, असा आपला प्रश्न आहे. मी बरीच वर्षे शिकागोच्या उपनगरात राहतो आणि याच संघाचा चाहता आहे, त्यामुळे माझे उत्तर तटस्थ नाही. क्रोशेला देणे मला तेव्हाही योग्य वाटले होते आणि आजही वाटते. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे: त्याला देण्यावाचून दुसरा शहाणपणाचा मार्गच उरू नये, अशा अवस्थेला संघ आणलाच कोणी?

आधी त्या हंगामाविषयी थोडे सांगतो. 41 विजय आणि 121 पराभव हा 1900 नंतरच्या बेसबॉलमधील पराभवांचा विक्रम आहे. त्याआधी 1962 चा न्यूयॉर्क मेट्स संघ 120 पराभवांवर थांबला होता. जुलै-ऑगस्टमध्ये संघ सलग 21 सामने हरला आणि ती साखळी तुटल्यावर दोनच दिवसांनी व्यवस्थापक (बेसबॉलमधील मुख्य प्रशिक्षक) पेड्रो ग्रिफोल यांना काढण्यात आले. सप्टेंबरच्या अखेरीस घरच्या मैदानावर एंजल्स संघाविरुद्ध तीन सामने होते, तेव्हा पराभवांचा आकडा 120 वर उभा होता. विक्रमी पराभव ‘याचि डोळा’ पाहावा म्हणून लोक आले, मीही गेलो. ‘संघ विका’ अशा घोषणा ऐकल्या. आणि संघाने तिन्ही सामने जिंकले! हरण्याच्या कामीही हा संघ वेळ पाळू शकला नाही. एकशे एकविसावा पराभव अखेर डेट्रॉइटला झाला.

आता क्रोशेविषयी. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही अदलाबदल विचित्र वाटते, कारण आयपीएलमध्ये दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि तळाचा संघही एका दिवसात नव्याने उभा राहू शकतो. बेसबॉलमध्ये तशी सोय नाही. खेळाडू मुख्य लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, आला की साधारण सहा हंगाम त्याच्यावर पहिल्या संघाचा हक्क असतो, त्यातील सुरुवातीची वर्षे तो फार कमी पगारात खेळतो, आणि नंतर तो मोकळा होऊन सर्वाधिक पैसे देणाऱ्याकडे जातो. डिसेंबर 2024 मध्ये क्रोशेची अशी दोनच वर्षे शिल्लक होती. शंभराहून अधिक सामने हरणारा संघ दोन वर्षांत अजिंक्यपदाच्या जवळ जाणार नव्हता, आणि त्या दोन वर्षांत क्रोशेचा खांदा किंवा कोपर दुखावला असता तर हाती काहीच उरले नसते. 2024 पूर्वी त्याने मुख्य लीगमध्ये एकाही सामन्यात पहिला पिचर म्हणून सुरुवात केली नव्हती, हेही लक्षात घ्या. त्याची किंमत तेव्हा शिखरावर होती, आणि शिखरावर असताना विकणे याला मी दिवाळखोरी म्हणणार नाही.

त्याच्या बदल्यात चार तरुण आले: कॅचर (यष्टिरक्षकासारखा) काइल टील, आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) ब्रेडन माँटगोमेरी, इनफिल्डर (आतल्या भागातला क्षेत्ररक्षक) चेस माइड्रॉथ आणि पिचर विकेलमन गोन्झालेस. टील 2023 च्या आणि माँटगोमेरी 2024 च्या ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीतील. माँटगोमेरी तर तेव्हा मोडलेल्या घोट्यातून सावरत होता आणि व्यावसायिक पातळीवर एकही सामना खेळला नव्हता. माइड्रॉथला अंगापिंडाने कोणी फलंदाज म्हणणार नाही, पण तो सहजासहजी बाद होत नाही आणि चेंडू सोडण्याची त्याची नजर पाहण्यासारखी आहे. टील, माइड्रॉथ आणि गोन्झालेस हे तिघे 2025 मध्येच मुख्य संघात खेळले, आणि टीलची पहिल्याच हंगामातील फलंदाजी कॅचरसाठी फारच चांगली होती.

आपले सहकारी यावर म्हणतील की क्रोशेने बॉस्टनसाठी 18 सामने जिंकले, 255 फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि अमेरिकन लीगच्या (मुख्य लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम पिचरसाठीच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात दुसरा क्रमांक मिळवला. ते खरेच आहे. पण बॉस्टनने त्याला सहा वर्षांसाठी 17 कोटी डॉलरही दिले, आणि खरे दुखणे इथे आहे. मालक जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे हा संघ 1981 पासून आहे, आणि 10 कोटी डॉलरचा करार व्हाइट सॉक्सने आजवर एकाही खेळाडूशी केलेला नाही. संघाच्या इतिहासातील सर्वांत मोठा करार अँड्र्यू बेनिंटेंडीचा, पाच वर्षांसाठी 7.5 कोटींचा, आणि बेनिंटेंडी हा ज्याच्या जिवावर संघ उभा करावा असा खेळाडू नाही, हे त्याच्या घरचेही मान्य करतील. अमेरिकेतील तिसऱ्या क्रमांकाच्या शहरातला संघ आपल्याच पिचरला बाजारभाव देणार नसेल, तर त्याला वेळीच विकणे एवढाच पर्याय राहतो.

हे नाटक आम्ही एकदा पाहिलेले आहे, म्हणून चाहते इतके चिडतात. डिसेंबर 2016 मध्ये याच संघाने पिचर ख्रिस सेलला याच बॉस्टनला दिले आणि योआन मोन्काडा, मायकेल कोपेक यांच्यासह चार खेळाडू घेतले. त्या पुनर्बांधणीतून 2021 मध्ये 93 विजय आणि विभागाचे विजेतेपद मिळाले, पण प्लेऑफमध्ये संघ पहिल्याच फेरीत ह्यूस्टनकडून हरला, पुढच्या वर्षी 81-81 वर आला आणि 2023 मध्ये 101 सामने हरला. माझ्या मते तेव्हा चूक विकण्यात झाली नव्हती. गाभा तयार झाल्यावर त्याच्याभोवती पैसा ओतायला हवा होता, तो ओतला नाही. दुखापतींची रांग लागली तेव्हा राखीव फळी रिकामी निघाली. आणि ऐन मोक्याच्या वेळी 2011 नंतर मैदानापासून दूर असलेल्या, 76 वर्षांच्या टोनी ला रूसा यांना व्यवस्थापक म्हणून आणले गेले. त्यामुळे 2024 च्या हिवाळ्याचा हिशेब करताना मी क्रोशेच्या व्यवहारापेक्षा बारीकसारीक कामांकडे अधिक पाहतो.

तिथे मात्र मला सुखद धक्का बसला. ‘रूल 5’ ड्राफ्टमध्ये दुसऱ्या संघाचा दुर्लक्षित खेळाडू 1 लाख डॉलरला घेता येतो, पण त्याला पूर्ण हंगाम मुख्य संघात ठेवावे लागते. जनरल मॅनेजर (खेळाडूंची निवड आणि व्यवहार पाहणारे) ख्रिस गेट्झ यांनी त्यात मिलवॉकीकडून पिचर शेन स्मिथ उचलला आणि तो 2025 च्या ऑल-स्टार संघात (हंगामाच्या मध्यावर निवडल्या जाणाऱ्या उत्तम खेळाडूंच्या संघात) गेला. शॉर्टस्टॉप (आतल्या भागातला क्षेत्ररक्षक) कोल्सन माँटगोमेरी (ब्रेडनशी याचे नाते नाही) वसंतात इतका अडखळत होता की त्याला मायनर लीगमधूनही (खालच्या पातळीवरच्या लीगमधूनही) काढून काही काळ ॲरिझोनाला, केवळ बॅटचा फटका दुरुस्त करायला पाठवले. जुलैत मुख्य संघात आल्यावर त्याने 71 सामन्यांत 21 होम रन (क्रिकेटमधील षटकारासारखे फटके) मारले. पूर्वीच्या कारभारात असा खेळाडू वाया गेला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. नवे व्यवस्थापक विल वेनेबल यांच्या पहिल्या हंगामात संघ 60-102 वर थांबला, म्हणजे वाईटच. पण ऑल-स्टार विश्रांतीनंतरचे 28-37 पाहिले तर फरक डोळ्यांना दिसत होता.

ड्राफ्टबाबत संघाची अवस्था ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ अशी झाली होती. मोठ्या बाजारपेठेतील संघाला ड्राफ्टमधील पहिले क्रमांक ठरवणाऱ्या लॉटरीत सलग दोन वर्षे भाग घेता येत नाही, या नियमामुळे 121 पराभवांचे बक्षीस म्हणून 2025 मध्ये दहावा क्रमांक मिळाला. डिसेंबर 2025 मध्ये मात्र नशीब उघडले आणि 2026 ची पहिली निवड पदरात पडली.

हे लिहिताना 2025 चा डिसेंबर संपत आला आहे. नुकताच मुनेताका मुराकामीशी दोन वर्षांचा, 3.4 कोटी डॉलरचा करार झाला. जपानमध्ये 2022 साली 56 होम रन मारणारा हा फलंदाज वेगवान चेंडूवर फार चुकतो अशी शंका असल्यानेच तो आमच्या आवाक्यात आला. मला हा जुगार मान्य आहे. जमला तर उत्तम, नाही जमला तर दोन वर्षांत विषय संपतो.

तेव्हा ही पुनर्बांधणी खरी आहे का, याचे माझे उत्तर असे की गेट्झ यांच्या वाट्याचा अर्धा भाग खरा आहे आणि मालकाच्या वाट्याचा अर्धा अजून सुरूच झालेला नाही. टीलवर संघाचा हक्क 2031 पर्यंत आहे. जून 2025 मध्ये जाहीर झालेल्या करारानुसार राइन्सडॉर्फ 2029 ते 2033 या काळात संघाचा ताबा गुंतवणूकदार जस्टिन इशबिया यांच्याकडे सोपवू शकतात. म्हणजे टील, माइड्रॉथ, कोल्सन यांना मोठे करार देण्याची किंवा क्रोशेप्रमाणे विकण्याची वेळ येईल, नेमकी तेव्हाच तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे ते ठरत असेल. आपल्या सहकाऱ्यांना बोटे मोडायचीच असतील, तर ती तेव्हासाठी राखून ठेवायला सांगा.