केल्सन वाचायला घेतोयस? आधी एवढं कर

अरे मस्त, कायद्याच्या तत्त्वज्ञानाची हान्स केल्सन ह्या कायदेतज्ज्ञापासूनच सुरुवात! फक्त त्याची सगळी पुस्तकं म्हणजे एकच मत असं धरू नकोस, नवीन माणूस तिथेच फसतो.

- वाचताना साल लिहून ठेव. १९३४ चं 'प्युअर थिअरी ऑफ लॉ' (कायद्याचा शुद्ध सिद्धांत) छोटं आहे, ते आधी. १९६० ची आवृत्ती खूप वाढवलेली, आणि तो गेल्यावर १९७९ ला आलेल्या पुस्तकात तर ज्या मूळ नॉर्मला (म्हणजे बाकी सगळे कायदे ज्यावर टेकतात त्या पायाच्या नियमाला) आधी गृहीतक म्हणायचा तिलाच कल्पित म्हणतो, दोन नियम भिडले तर लॉजिक सोडवेल हेही सोडून देतो, केवढा प्रामाणिकपणा!
- नावातलं 'शुद्ध' म्हणजे कायद्याचा अभ्यास शुद्ध, नीती-राजकारण न मिसळलेला; खुद्द कायदा शुद्ध असं नाही. माझं अख्खं वर्ष ह्यातच गेलं.

केल्सनने ज्याचा आधार घेतला तो तत्त्वज्ञ कांट, त्याचं नंतर बघू.