लॉगिन होतं, पण फोल्डर दिसत नाही!

प्रश्न: आमच्या मंडळाची वेबसाइट मीच सांभाळतो. फाइलझिलामधून (फाइली पाठवायचा प्रोग्राम) सर्व्हरला जोडलं की लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी काही येत नाही, वीस सेकंदांनी 'कनेक्शन टाइम्ड आउट'. पासवर्ड तीनदा बदलून झाला. आता काय करू?

उत्तर: पासवर्डला सोडा हो बिचाऱ्याला, तो चुकला असता तर ५३० नंबरची एरर आली असती. एफटीपीची, म्हणजे फाइलझिला फाइली ने-आण करायला वापरतं त्या पद्धतीची, गंमत अशी की लॉगिन आणि कमांड २१ नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं नंबर दिलेलं दार) जातात आणि फाइली, अगदी फोल्डरची यादीसुद्धा, दुसऱ्याच पोर्टवरून येते, नि बहुतेक वेळा तिथंच फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारा पहारेकरी) आडवा येतो. साइट मॅनेजरच्या ट्रान्सफर सेटिंग्जमध्ये पॅसिव्ह निवडा, त्यात दुसरी जोडणीही तुमचाच कॉम्प्युटर करतो, पण ॲक्टिव्हमध्ये सर्व्हर उलटा तुमच्या कॉम्प्युटरकडे यायला बघतो आणि घरचा राउटर त्याला दारातूनच परत पाठवतो. पॅसिव्ह आधीच असेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून बघा, तिथे चाललं तर घोळ तुमच्या राउटर नाहीतर अँटिव्हायरसमध्ये, तिथेही नाही चाललं तर होस्टिंगवाल्याला पॅसिव्ह पोर्टची रेंज उघडायला सांगा. नुसतं 'चालत नाहीये' म्हणू नका, लॉगच्या (फाइलझिलात दिसणाऱ्या संदेशांच्या) शेवटच्या चार-पाच ओळी पाठवा, नाहीतर ते पण पासवर्डच बदलायला लावतील!

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर प्रकरण वेगळं, बहुतेक वेळा त्या पोर्टवर ऐकायला कुणी नसतंच. होस्टिंगवर फक्त एसएफटीपी (एफटीपीहून वेगळी, सुरक्षित पद्धत) असेल तर पोर्ट २२ लागतो. मी स्वतः एकदा २१ टाकून अर्धा दिवस डोकं फोडत बसलो होतो.