तलंग अंड्यावर कधी येणार?

मिरगाच्या आधी घेतलेली पिल्लं आता तलंगा, म्हणजे अजून अंडं न घातलेल्या तरण्या कोंबड्या, झालीत. त्यामुळं या खेपेला आलेल्या प्रश्नांतले निम्मे एकाच अर्थाचे आहेत: खाऊन खाऊन माजल्यात, अंडं कधी?

कागलहून: मे अखेरीस १२ गावठी पिल्लं घेतली. सहा महिने होत आले, एकही अंडं नाही. आई म्हणते अजून वेळ आहे. दुकानदार म्हणतो पाचव्या महिन्यातच यायला हवं होतं. खरं कुणाचं?

आईचं. दुकानदार पांढऱ्या लेयरचा, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळतात त्या कोंबडीचा, हिशेब सांगतोय. ती जात १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते. गिरिराज साडेपाच-सहा महिने घेते, कडकनाथही सहाच्या आसपास. गावठी सहा-सात महिने लावते, आणि नुसत्या मक्यावर वाढवली असेल तर त्याहून जास्त.

पण कॅलेंडर बाजूला ठेवा आणि तलंग हातात घ्या. रात्री सगळ्या काठीवर बसल्या की फडफड न करता सापडतात. डोकं काखेकडे, शेपटी समोर. शेपटीखाली, मागच्या द्वाराच्या दोन्ही अंगांना दोन टोकदार हाडं लागतील. त्यांच्यात एकच बोट कसंबसं मावत असेल तर ती अजून लांब आहे. दोन बोटं सहज मावली आणि हाडं दाबल्यावर थोडी लवली, तर आता फार दिवस नाहीत. अंड्यावरच्या कोंबडीत दोन ते तीन बोटं बसतात. मागचं द्वारही बघा. कोवळ्या तलंगेचं ते बारीक, गोल आणि कोरडं असतं. तयार झालेलीचं रुंद, आडवं आणि ओलसर होतं. माझी आई हे बघायची नाही. नुसतं पोटाखाली हात घालून "ही भरली" म्हणायची, आणि आठवड्यात अंडं असायचं. मला मात्र बोटंच मोजावी लागतात.

बारापैकी तीन-चार तयार आणि बाकीच्या मागं, असं आढळलं तर घाबरू नका. एका दिवशी फुटलेली पिल्लंसुद्धा एका दिवशी अंड्यावर येत नाहीत.

शिरोळहून: तुरा लाल झाला की अंडं येतं असं ऐकलंय. माझ्या एकीचा तुरा तर दोन महिन्यांतच लालभडक झाला होता. तरी अंडं नाही.

ताई, ती एव्हाना आरवायला लागली असेल! दोन महिन्यांत मोठा लाल तुरा म्हणजे बहुधा कोंबडा. पाठीवर शेपटीच्या मुळाशी बघा. लांब, टोकदार, चकचकीत पिसं लोंबत असतील तर शंकाच नको. तलंगेची तिथली पिसं गोलसर टोकाची असतात. तिचा तुरा बरेच दिवस फिकट गुलाबी आणि आखूड राहतो. अंड्याच्या दोन-तीन आठवडे आधी तो भराभर वाढतो, लाल होतो, हाताला ऊबदार लागतो. चोचीखालचे कल्लेही तसेच. आणि हो, अंड्याला कोंबडा लागत नाही, पिल्लांना लागतो. तुमच्या त्या 'तलंगे'चं काय करायचं हे कोल्हापुरात मी सांगायची गरज नाही.

पन्हाळ्याहून: जवळ गेलं की एक तलंग पंख पसरून खाली बसते, उठतच नाही. पायात काही दुखणं आहे का?

दुखणं नाही, आनंदाची बातमी आहे. कोंबड्यासाठी अशी बसायला लागली की साधारण आठवडा-दोन आठवड्यांत अंडं. उठून चालताना लंगडत असेल तरच पायाचा विचार करा.

हातकणंगल्याहून: सगळी लक्षणं दिसतात. तलंगा टोपल्यांत डोकावतात, दिवसभर कॉक-कॉक करत फिरतात, पण अंडं मिळत नाही.

घर उसाच्या कडेला आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग अंडी उसात आहेत! सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला एखादी एकटीच गुपचूप निघाली की तिच्या मागं जा. पाचटात किंवा पिंजराच्या (भाताच्या पेंढ्याच्या) गंजीत खळगा करून ठेवला असेल, आणि मुंगसाला तुमच्या आधी पत्ता लागला असेल. चार-पाच दिवस दुपारपर्यंत खुराड्यातच कोंडा. अंधाऱ्या कोपऱ्यात फूटभर लांब-रुंद खोकं ठेवा, त्यात भाताचं तूस घाला. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं. आत एखादं खोटं अंडं ठेवलं की शहाणपण लवकर येतं.

कसबा बावड्याहून: लवकर अंडी यावीत म्हणून आत्ताच लेयरचं खाद्य चालू केलं आणि रात्री बल्ब लावला तर?

दोन्ही घाईचं काम. लेयरच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, ग्रोअरमध्ये, म्हणजे वाढत्या तलंगांच्या खाद्यात, एक टक्क्याच्या आसपास. अंड्याच्या एका कवचात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम जातं, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला ते लागतं. अंडंच नसेल तर तो भार मूत्रपिंडावर पडतो. तुरे लाल होऊन पहिलं अंडं दिसेपर्यंत ग्रोअरच द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवा ती खाईल.

बल्बचं मात्र मी स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या काळात ४० तलंगांच्या शेडमध्ये चौथ्या महिन्यातच दिवा लावला. अंडी लवकर आली, बारकी आली, आणि तिघींचं आतलं अंग मागच्या द्वारातून बाहेर आलं. बाकीच्यांनी त्यावर टोचा मारून त्या संपवल्या. अंगाची वाढ पुरी व्हायच्या आत अंडं ओढून काढलं की असं होतं.

आता दिवस लहान आहेत. डिसेंबरात आपल्याकडं उजेड जेमतेम ११ तासांचा, त्यामुळं या दिवसांत तलंगा आणखी रेंगाळतात. अंडी सुरू झाली की पहाटे दिवा लावा, दर आठवड्याला अर्धा तास वाढवत एकूण १४ ते १६ तासांपर्यंत न्या. संध्याकाळी नको. दिवा अचानक विझला की काठी सापडत नाही, जमिनीवर ढीग करून बसतात.

राधानगरीहून: पहिलं अंडं कवचाशिवायच पडलं, दुसऱ्यावर रक्ताची रेघ होती.

सुरुवातीला हे चालतं. कवच बनवायचं यंत्र अजून लयीत आलेलं नाही. एखादं अंडं लिंबाएवढं येईल, एखाद्यात दोन बलक निघतील. रक्ताची रेघ पहिल्या काही अंड्यांपुरती ठीक. पुढंही दिसत राहिली, किंवा मागं लालसर गाठ बाहेर दिसली, तर त्या कोंबडीला लगेच वेगळ्या डालग्याखाली ठेवा आणि जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. मऊ कवचाचं अंडं मात्र खुराड्यात पडू देऊ नका. एकदा त्याची चव लागली की मग चांगलीही फोडून खातात.