समुद्र घरात आणताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मुलगी सहा वर्षांची आहे. तिने समुद्र पाहिलेला नाही आणि वर्षभर तरी तिकडे जाणं होणार नाही. पुस्तकांतून सुरुवात करायची तर पुस्तक कसं निवडावं? — एक वाचक, लातूर

चित्रं सुंदर आहेत की नाहीत ते नंतर बघा. आधी दुकानातच तीन गोष्टी तपासा. देवमाशाची शेपटी आडवी काढलेली हवी, कारण तो ती वर-खाली हलवतो. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच बर्फावर उभे असतील तर पुस्तक ठेवून द्या. पेंग्विन दक्षिण गोलार्धातला, ते अस्वल उत्तर ध्रुवाकडचं. तिसरं म्हणजे ऑक्टोपसला आठ भुजा आणि माकुलाला दहा अवयव: आठ भुजा व दोन लांब शुंडा. इथे चुकणारं पुस्तक बाकीच्या पानांवरही चुकलेलं असतं.

मराठीत आणखी एक अडचण आहे, पण तिचाच उपयोग करून घेता येतो. देवमासा मासा नाही आणि तारामासाही मासा नाही. जेलीफिशच्या नावातला ‘फिश’ही खोटा. उलट समुद्रघोडा मात्र खरा मासा! कल्ले, पर आणि पाठीचा कणा अशा तीन खुणा सांगा आणि पुस्तकातल्या प्रत्येक प्राण्याला ‘मासा / मासा नाही’ अशा दोन डब्यांत टाकायला लावा. सहा वर्षांच्या मुलीला हा खेळ आठवडाभर पुरतो.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. एका बैठकीत एकच प्राणी घ्या आणि त्याचं माप घराबाहेर काढा. निळा देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो. सुतळीला दर मीटरला गाठ मारून ती गल्लीत पसरवली की चित्रातला चार इंचांचा प्राणी मुलीला पहिल्यांदा नीट दिसतो.

आणि समुद्र लातूरच्या बाजारात येतोच की. चालत असेल तर सुका जवळा आणा. चमचाभर जवळा कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, पांढऱ्या बशीत पसरा आणि भिंग द्या. काळे डोळे, लांब मिशा, पायांच्या जोड्या, सगळं दिसतं. घरात चालत नसेल तर मीठ आहेच. १०० मिली पाण्यात साडेतीन ग्रॅम मीठ विरघळवून ते काचेच्या किंवा चिनी मातीच्या पसरट बशीत उन्हात ठेवा. मिठागरात काय होतं ते दोन-तीन दिवसांत बशीत दिसतं. स्टीलची ताटली नको, मिठाने तिला डाग पडून खड्डे होतात.

समुद्राचे थर दाखवायला मध, रंगीत पाणी, तेल अशी पाच थरांची बरणी केली. तासाभरात दोन थर एकमेकांत मिसळले. काय चुकलं? — एक वाचक, पुणे

मिसळलेले दोन्ही थर पाण्याचे असणार. साखरेचं पाणी आणि साधं पाणी वरून जोरात ओतलं की एक होतं. चमच्याच्या पाठीवरून हळू सोडलं तर काही तास टिकतं.

पण खरं सांगायचं तर ही बरणी करूच नका. त्यातून मूल शिकतं की समुद्रात वर एक द्रव आहे आणि खाली दुसरा. समुद्राचे जे थर पुस्तकात असतात ते मुख्यतः उजेड आणि खोली यांवरून पाडलेले आहेत. २०० मीटरपर्यंत उजेडाचा थर, १,००० मीटरपर्यंत संधिप्रकाशाचा, त्याखाली कायमचा अंधार. त्यासाठी दोन वस्तू करा.

पहिली वस्तू म्हणजे खोलीची पट्टी. कार्डशीटचे १५ सेंटीमीटर रुंद तुकडे जोडून ११० सेंटीमीटर लांब पट्टी करा आणि मास्किंग टेपने दारावर उभी लावा. सेलोटेप लावलात तर काढताना दाराचा रंग निघेल. १ सेंटीमीटर म्हणजे १०० मीटर. पट्टीचा तळ म्हणजे पॅसिफिकमधली चॅलेंजर गर्ता, जवळपास ११,००० मीटर. आता वरून मोजत खुणा करा. उजेडाचा थर फक्त २ सेंटीमीटर. कळसूबाई (१,६४६ मीटर) उलटी बुडवली तर साडेसोळा सेंटीमीटर. महासागरांची सरासरी खोली सुमारे ३७ सेंटीमीटर, अरबी समुद्राची सगळ्यात खोल जागा (४,६५२ मीटर) साडेशेहेचाळीस. एव्हरेस्ट साडेअठ्ठ्याऐंशीवर संपतो. मग मुंबईपासून १६० किलोमीटरवरचं मुंबई हाय तेलक्षेत्र दाखवा. इतक्या आत जाऊनही तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर, म्हणजे पट्टीवर पाऊण सेंटीमीटर. ही रेघ मुलांच्या लक्षात राहते. आपल्या किनाऱ्यालगतची पाण्याखालची उथळ जमीन किती रुंद आहे हे तोंडी सांगून पटत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे बुटांचं खोकं. आतून ते काळं रंगवा. एका टोकाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या कागदावर लाल, पिवळा आणि निळा असे तीन मासे चिकटवा. समोरच्या टोकाला डोळा नीट बसेल एवढं, साधारण ३ सेंटीमीटरचं भोक पाडा. झाकणाला तळहाताएवढी खिडकी कापून तिच्यावर निळा जिलेटिन पेपर ठेवा. आधी एक थर, मग दोन, मग चार. लाल मासा काळा पडत जातो, निळा शेवटपर्यंत दिसतो. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, म्हणून खोल पाण्यातले कितीतरी जीव लाल असतात. तिथे लाल म्हणजे अदृश्य.

फसण्याच्या जागा दोन. झाकणाच्या फटीतून उजेड आला तर प्रयोग गेला, तिथे काळा टेप लावा. आणि मासे रंगवायला चमकते हायलाइटर वापरू नका, ते निळ्या उजेडातही चमकतात.

‘समुद्राच्या पाण्यात अंडं तरंगतं’ असं वाचून लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलं. अंडं तळाशीच. — एक वाचक, ठाणे

प्रमाण बरोबर आहे, वाक्य चुकीचं आहे. ३५ ग्रॅम म्हणजे सरासरी समुद्र, आणि त्यात ताजं अंडं बुडतंच. ते तरंगायला लिटरला १२० ते १४० ग्रॅम मीठ लागतं. अर्ध्या लिटरच्या हिशेबाने सांगायचं तर बारीक मिठाचा एक सपाट मोठा चमचा (१५ मिलीचा) म्हणजे समुद्र, चार चमचे म्हणजे तरंगणारं अंडं. एकेक चमचा घाला, पूर्ण विरघळू द्या, दर वेळी अंडं सोडून बघा. जुनं अंडं लवकर वर येतं, कारण त्यातली हवेची पोकळी वाढलेली असते. खडे मीठ चमच्याने मोजू नका, वजन करा.

याच पाण्यावर याहून चांगला प्रयोग होतो. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात अर्ध्या लिटरला दोन चमचे मिठाचं पाणी घ्या. दोन्ही तासभर ठेवून एकाच तापमानाला येऊ द्या. दोन्हींत खायच्या रंगाचा एकेक बर्फाचा खडा अलगद सोडा. आधी कुठला वितळेल असं विचारलं तर बहुतेक मुलं (आणि पालक) ‘मिठातला’ म्हणतात. आधी वितळतो साध्या पाण्यातला! तिथे वितळलेलं गार रंगीत पाणी खाली जातं आणि खड्याला नवं कोमट पाणी मिळत राहतं. मिठाच्या पाण्यात ते गोडं पाणी हलकं असल्यामुळे वरच थांबतं, खडा स्वतःच्याच गार पाण्यात बसून राहतो. फक्त ढवळू नका. ढवळलं की दोन्ही सारखे वागायला लागतात.

लाटांच्या बाटलीतलं पाणी दुधाळ झालं. — एक वाचक, कोल्हापूर

बाटलीत भांड्यांच्या साबणाचा अंश राहिला असणार. साबण तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो. ते मिश्रण टाका, नवी बाटली नुसत्या गरम पाण्याने धुऊन कोरडी करा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५० मिली पाणी, त्यात निळा रंग, वरून गळ्यापर्यंत सूर्यफुलाचं तेल. हवा ठेवू नका, बुडबुडे लाट मोडतात. खोबरेल नको, थंडीत गोठतं. चमकी तर नकोच, ती प्लास्टिकच असते.

एक गंमत: ही बाटली पृष्ठावरची लाट दाखवतच नाही. दोन थरांच्या मधली लाट दाखवते, आणि अशा आतल्या लाटा समुद्रात खरोखर असतात. अंदमानच्या समुद्रातल्या तर प्रसिद्ध आहेत.

मैदा-मिठाच्या कणकेचे मासे जुलैत मऊ पडले, वरून पाणी सुटलं. — एक वाचक, चिपळूण

हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात ती दिवसेंदिवस त्याहून जास्त असते. व्हार्निश लावूनही फार दिवस निभत नाही. दिवाळीनंतर करा: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी. जाडी पाव इंच, ओव्हन १०० अंशांवर, दोन-तीन तास. घाई करून आच वाढवली की तडे जातात.

पावसाळ्यात कागदाचा लगदा घ्या. पाव किलो वर्तमानपत्र फाडून दोन दिवस भिजवा (गुळगुळीत पुरवण्या नकोत, त्या नीट गळत नाहीत), मोठ्या माणसाने मिक्सरमधून फिरवा, घट्ट पिळा. १०० ग्रॅम मुलतानी माती आणि तीन मोठे चमचे फेव्हिकॉल घालून पोळीच्या कणकेसारखं मळा. जुन्या पद्धतीत मेथीची पेस्ट घालतात. ती कोरड्या हवेत उत्तम, पावसात तिलाच आधी बुरशी येते. बुरशी येऊ नये म्हणून मोरचूद घाला असा सल्ला मिळेल. तो विषारी आहे, मुलांच्या हातात अजिबात नको. मासा भरीव करू नका. चुरगळलेल्या कागदाच्या गोळ्यावर एक सेंटीमीटरपेक्षा कमी थर द्या, पंख्याखाली चार-पाच दिवस वाळवा आणि रोज उलटा.

रंगवताना एक खरा मासा समोर ठेवा. बांगड्याची पाठ गडद, पोट चंदेरी. वरून पाहणाऱ्याला तो खालच्या अंधारात मिसळतो, खालून पाहणाऱ्याला वरच्या उजेडात.

मुलाने समुद्र मातकट रंगवला. शाळेत ‘समुद्र निळा असतो’ म्हणून तो पुन्हा काढायला लावला. — एक वाचक, अलिबाग

मुलगा बरोबर आहे. खाड्यांतून येणारा गाळ आणि उथळ पाण्यात तो सतत ढवळणारी भरती-ओहोटी यामुळे तिथलं पाणी तसंच दिसतं. चित्र जपून ठेवा, त्याला खोल समुद्राचं दुसरं निळं चित्र काढू द्या.

आजोबा रत्नागिरीहून ‘तिथीची पाऊण केली की भरतीची वेळ मिळते’ असं नातवाला शिकवतात. इथे ते जुळत नाही. — एक वाचक, न्यू जर्सी

आजोबांचं गणित त्यांच्या किनाऱ्यावर पक्कं आहे. चतुर्थी, चारची पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. कोकणात पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते, त्यावर हे उभं आहे. चंद्र डोक्यावर आल्यावर किती वेळाने पाणी भरेल हे किनाऱ्याच्या आणि तळाच्या आकारावर ठरतं, ते प्रत्येक बंदराचं वेगळं. रोजचा उशीर मात्र तुमच्याकडेही तेवढाच: तिथीला सुमारे ४८ मिनिटं (आजोबांची पाऊण म्हणजे ४५, जवळपास तेच).

नातवाला चक्र करून द्या. जाड पुठ्ठ्याचं २० सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ, कडेला घड्याळासारखे बारा आकडे. आतल्या वर्तुळावर कोनमापकाने २४-२४ अंशांवर १५ तिथी, कारण बारा तासांच्या तबकडीवर २४ अंश म्हणजे बरोबर ४८ मिनिटं. रत्नागिरीच्या चक्रात पौर्णिमा-अमावास्या बारावर, प्रतिपदा २४ अंशांवर, अष्टमी १९२ वर. मध्ये १६ सेंटीमीटरचा दुटोकी काटा, एका टोकाला ‘भरती’, दुसऱ्याला ‘ओहोटी’. भरतीचं टोक तिथीवर ठेवलं की ओहोटीची वेळ समोर आपोआप मिळते. दोन्हींत खरं अंतर सहा तास बारा मिनिटांचं आहे, ती बारा मिनिटं सोडून द्या.

न्यू जर्सीसाठी फक्त तिथींचं वर्तुळ वेगळं कापा आणि फिरवा. अमेरिकेची सरकारी संस्था नोआ ठिकठिकाणच्या भरतीच्या वेळा जाहीर करते. तुमच्या जवळच्या किनाऱ्याची पुढच्या पौर्णिमेची वेळ घ्या, ‘पौर्णिमा’ तिच्यासमोर आणा आणि मास्किंग टेपने चिकटवा. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा तिथींचं वर्तुळही एक आकडा पुढे सरकवा. तिथी तिथल्या पंचांगातली हवी, भारतातल्या दिनदर्शिकेतली नको. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होईलच, तेवढं आजोबांचंही होतं. पाण्यात उतरायचं असेल तेव्हा मात्र चक्रावर विसंबू नका, छापील वेळाच बघा.

शिंपले कुठून आणावेत? — एक वाचक, पालघर

स्वयंपाकघरातून. तिसऱ्यांच्या शिंपल्या दहा मिनिटं उकळा, आत चिकटून राहिलेला पांढरा मांसाचा ठिपका सुरीने खरवडा (वास त्याचाच येतो) आणि तीन दिवस उन्हात ठेवा. किनाऱ्यावरून पोवळ्याचे तुकडे, समुद्रपंखे, वाळलेले समुद्रघोडे उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहेत, काही मोठे शंखही त्यात येतात.

एक शिंपली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकली तर बुडबुडे येतात, दिवसभरात कडा पातळ होते. तिच्यातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं. पण ‘समुद्र असा झालाय’ असं मुलांना सांगू नका. समुद्राचा सामू (पीएच; जितका कमी तितकं पाणी आम्ल) ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे, व्हिनेगरचा अडीचच्या जवळ असतो. शिंपली बांधणाऱ्या जिवाला तेवढा फरकही जड जातो, एवढंच सांगा.