लॅपटॉपचा पंखा प्रोसेसरला वारा घालतच नाही

एवढासा पंखा प्रोसेसर थंड कसा ठेवतो, आणि एप्रिल लागल्यापासून तो सारखा घोंघावतोय म्हणजे बदलायला झाला का, असं तुम्ही विचारलंय. मी बुधवार पेठेत लॅपटॉप दुरुस्त करतो, दर उन्हाळ्यात हाच प्रश्न घेऊन लोक येतात. बदलायची घाई करू नका.

खालचं कव्हर उघडलं की दिसेल, पंखा एका कडेला आणि प्रोसेसर भलतीकडेच. दोघांना जोडते एक चपटी तांब्याची नळी, हीट पाइप. खरी हमाली तिची. ही नळी भरीव नसते. आतली हवा काढून थोडंसं पाणी ठेवलेलं असतं. दाब कमी, म्हणून ते पाणी १०० अंशांची वाट बघत नाही, बरंच आधी उकळतं. वाफ प्रोसेसरची उष्णता घेऊन दुसऱ्या टोकाला जाते. तिथे पातळ पत्र्यांची जाळी असते, तिला उष्णता देऊन वाफेचं परत पाणी होतं. नळीला आतून सच्छिद्र अस्तर असतं. समईची वात तेल ओढते तसं ते हे पाणी मागे ओढून घेतं. ना मोटर, ना पंप. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी करून दाखवली, तीही अंतराळातल्या उपयोगासाठी!

पंखा वारा घालतो तो त्या जाळीला. आणि तो खोलीतलीच हवा ओढणार, त्यामुळे बाहेर ४० अंश असताना त्याला जास्त फिरावं लागतं, यात बिघाड काही नाही. तेवढ्यानेही भागलं नाही तर प्रोसेसर स्वतःच वेग आणि व्होल्टेज कमी करतो. बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. मशीन दुपारी हळू चालतं ते यामुळे.

आता धूळ. पंखा आणि जाळी यांच्यामधल्या फटीत तिचा करडा थर बसतो, चिमट्याने धरला तर अख्खा पट्टा निघून येतो. बाहेरून तो दिसत नाही. रस्त्याकडेच्या किंवा बांधकामाशेजारच्या घरातून आलेल्या मशीनमध्ये तर हमखास. पंखा जोरात फिरतोय पण बाजूने वारा येत नाही, असं असेल तर बहुतेक हेच. साफ करताना पाती बोटाने धरून ठेवा, ब्लोअरने भरधाव फिरवलीत तर बेअरिंग जाईल. मशीन जुनं असेल तर त्याच वेळी प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्टही, म्हणजे त्याची उष्णता नळीकडे पोहोचवणारा लेप, बदलून घ्या. आणि कृपा करून गादीवर ठेवून वापरू नका, हवा घ्यायची भोकं खालीच असतात.

घोंघावण्याऐवजी खरखर येत असेल, तर मात्र पंखाच गेलाय. तो बदला.