नळ दाराशी आल्यावर बाईच्या दिवसाचे काय होते?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. आफ्रिकेतील खेड्यांत स्वच्छ पाण्याची सोय झाली की तेथील बायकांचे आयुष्य पालटते, असे नेहमी वाचावयास मिळते. आमच्या गावाने 2016 चा उन्हाळा टँकरवर काढला. आता अंगणात नळ आहे. मात्र हंड्यांच्या खेपा थांबल्यावर वाचलेला माझा वेळ खुरपणीत आणि घरकामातच गेला. मग तिकडे नेमके काय पालटते?
– एक वाचक भगिनी, औसा तालुका (जि. लातूर)

उत्तर : ताई, आपला अनुभव आफ्रिकेतील नोंदींशी बराचसा जुळतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2023 च्या अहवालानुसार, घराच्या आवारात पाणी नसलेल्या दर 10 कुटुंबांपैकी 7 कुटुंबांत ते आणण्याचे काम स्त्रिया आणि मुलींकडेच असते. युगांडा किंवा केनियाच्या रस्त्यांवर दिसणारा पिवळा प्लॅस्टिकचा डबा 20 लीटरचा, म्हणजे भरल्यावर 20 किलोचा असतो. हे वजन रोज डोक्यावर किंवा पाठीवर घेणाऱ्या बाईला पाणवठा जवळ आल्यावर सर्वांत आधी मिळते ती उसंत; पाण्याची शुद्धता त्यानंतर येते.

मोझांबिकच्या उत्तरेकडील मुएदा पठारावर 1980 च्या दशकात दोन गावांची तुलना झाली होती. एका गावात नळ आला होता, तर दुसऱ्या गावातील बायका पाण्यासाठी तासन्तास चालत होत्या. नळाच्या गावात दरडोई रोज सुमारे 11 लीटर पाणी वापरले जाई, दुसऱ्या गावात जेमतेम 4 लीटर. पिण्याला आणि स्वयंपाकाला दोन्हीकडे जवळपास सारखेच पाणी लागत होते. वाढलेले पाणी आंघोळीला, कपडे धुण्याला आणि मुलांचे तोंड-हात धुण्याला जात होते. त्यामुळे नळाच्या गावात डोळ्यांच्या खुपऱ्यांचे प्रमाण कमी आढळले. खुपऱ्यांचा संसर्ग लहान मुलांच्या चेहऱ्यावरून आईच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो आणि या रोगाने स्त्रियांना अंधत्व येण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे, हे लक्षात घेतले तर पाण्याचे ‘किती’ हे ‘कसे’ इतकेच का मोलाचे, ते कळते. वाचलेल्या वेळात बायका काय करीत होत्या? दळण-कांडण, स्वयंपाक आणि विश्रांती. कमाईचे नवे मार्ग आपोआप उघडले नव्हते.

विश्रांतीला कमी लेखण्याची आपल्याकडे खोड आहे. गर्भारपणातही घागरी वाहणाऱ्या बाईला दुपारी अर्धा तास पाठ टेकता आली, तर तोही बदलच होय, आणि त्याची किंमत रुपयांत मांडता येत नाही म्हणून तो अहवालांतून गळतो, असे मला वाटते. वेळेचे पैशात रूपांतर होण्यासाठी पाण्याखेरीज इतर गोष्टी लागतात. झिम्बाब्वेत सामुदायिक विहिरींलगत बायकांनी भाजीचे वाफे केले आणि त्यातून उत्पन्न मिळाले, पण तेथे वाफ्यांसाठी जमीन उपलब्ध होती आणि भाजी विकण्याची सोयही होती. आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत रूढीनुसार बाईला जमीन नवऱ्याच्या मार्फतच मिळते. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या आपल्याकडील शेतकरी बाईला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मुलींच्या शाळेबाबतही अपेक्षा जरा बेताची ठेवावी. घानामधील आकडेवारीवर आधारित एका अभ्यासात, पाणी आणण्याचा वेळ निम्मा झाला तर मुलींच्या शाळेतील उपस्थितीत सरासरी दोन-अडीच टक्क्यांची वाढ होते आणि ग्रामीण भागात ती अधिक दिसते, असा निष्कर्ष निघाला. वाढ खरी आहे, परंतु शाळा दूर असेल किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायचे असेल, तर नुसत्या नळाने मुलगी वर्गात पोहोचत नाही.

इथिओपियाच्या अर्सी भागातील एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे सार्वजनिक नळ आल्यावर बायकांचा पाण्याचा वेळ सुमारे 3 तासांवरून 15 मिनिटांवर आला आणि बालमृत्यू घटले. त्याचबरोबर जन्मदर मात्र वाढला आणि मुलांमधील कुपोषणही वाढले. शरीराचे कष्ट कमी झाल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढली, तर जगलेल्या अधिक मुलांना घालण्यासाठी घरातील धान्य तेवढेच राहिले, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. म्हणून नळ नको, असे कोणीही म्हणणार नाही. नळाबरोबर कुटुंबनियोजनाची सोय आणि आरोग्यसेविका गावात पोहोचायला हवी, एवढेच.

प्रश्न : आमच्या लहानपणी पायऱ्यांच्या बारवेचे पाणी पिऊन लोकांच्या पायांतून नारू निघत असे. आफ्रिकेत हा रोग अजून आहे काय?
– एक ज्येष्ठ वाचक, परभणी

उत्तर : आहे, परंतु अगदी शेवटच्या टप्प्यात. 1986 साली आशिया आणि आफ्रिकेत मिळून वर्षाला सुमारे 35 लाख लोकांना नारू होत असे. 2023 साली जगभरात माणसांमधील केवळ 14 रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील बहुतेक चाड या देशातील होते. भारतात शेवटचा रुग्ण 1996 मध्ये आढळला आणि 2000 साली देश नारूमुक्त ठरला. पाण्यातील बारीक पिसवांबरोबर अळ्या पोटात जातात आणि वर्षभराने कृमी बहुधा पायातून बाहेर पडतो. जखमेने बाई कित्येक आठवडे खाटेला खिळते, आणि पेरणी-काढणीचे दिवस असले तर शेत, चूल आणि पाणी ही तिन्ही कामे थोरल्या मुलीवर येतात. या रोगावर लस नाही. तो हटला तो मुख्यतः पाणी कापडाने गाळून घेतल्यामुळे आणि नारू निघालेल्या माणसाला पाणवठ्यात उतरू न दिल्यामुळे. घरात पाणी गाळण्याचे काम बहुतांशी बायकांनीच केले.

प्रश्न : आपल्याकडचा हापसा आफ्रिकेत गेला, हे खरे काय? तेथील पंप लवकर बंद पडतात, असेही ऐकतो.
– एक वाचक, जालना

उत्तर : दोन्ही खरे. आपल्याच जालन्यात मिशनऱ्यांनी सुधारलेला ‘जालना पंप’ आणि त्यापुढचा ‘सोलापूर पंप’ यांच्या अनुभवातून 1970 च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा तयार झाला. पुढे तो आफ्रिकेतील अनेक देशांत बसला. युगांडात त्याला ‘यू टू’ म्हणतात.

2009 मधील एका अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडील देशांतील सुमारे एकतृतीयांश हातपंप बंद होते. सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळत नाहीत, मिस्त्री दूर असतो, आणि आम्लधर्मी भूजल असेल तेथे लोखंडी पाइप गंजून पाणी तांबडे व बेचव होते. अशा वेळी बायका पुन्हा डबक्याकडे वळतात. पश्चिम केनियातील एका अभ्यासात, झरे बांधून संरक्षित केल्यावर झऱ्यावरील पाण्याचा दूषितपणा सुमारे दोनतृतीयांश घटला, मात्र घरातील माठात तो जेमतेम चौथ्या हिश्श्याने कमी झाला. तरीही मुलांची हगवण सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरली. या अभ्यासकांपैकी मायकेल क्रेमर यांना 2019 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे तेथे पाणवठ्यावरच क्लोरीनचा डबा बसवण्याची पद्धत रूढ झाली, म्हणजे बाई पाणी भरतानाच तोटी फिरवून ठरलेली मात्रा भांड्यात टाकते आणि घरी पोहोचेपर्यंत पाण्यात ती मिसळलेली असते.

ग्रामीण पाणी समित्यांवर स्त्रिया असाव्यात, असा नियम अनेक आफ्रिकी देशांत आहे आणि खजिनदाराचे काम पुष्कळदा त्यांच्याकडे सोपवले जाते. पण पान्हा बहुधा पुरुष मिस्त्रीच्याच हाती राहतो. त्यामुळे वॉशर झिजल्याचे हापसणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी कळते, पण तो बदलण्यासाठी तिला मिस्त्रीची वाट पाहावी लागते.